ओटीपी सांगितला, पण परवानगी कशाची दिली?

रंकाळ्याची

मंडळी, हल्ली कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात केस पेपर काढायला गेलं की खिडकीवरून हमखास ऐकू येतं, "मोबाईलवर ओटीपी आलाय बघा, तेवढा सांगा." आपण सांगतो. चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे आपले आरोग्याचे कागद जोडणारा सरकारी क्रमांक, तयार होतो, कागद हातात पडतो आणि आपण बाकावर जाऊन बसतो. तो आकडा सांगताना आपण कशाला हो म्हटलं, हे तुम्हाला तिथं कुणी समजावून सांगितलं का? या धाग्यात मला एवढंच विचारायचंय. अनुभव लिहा, चांगले असले तरी लिहा.

माझी बाजू आधी सांगते. रुग्णालयांना सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या एका छोट्या गटात मी काम करते. आजारी माणसाची जुनी माहिती वेळेवर डॉक्टरांसमोर यावी, यासाठी धडपडणाऱ्यांपैकी मी आहे.

आभा ज्यातून येतो त्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०२० ला झाली. सहा केंद्रशासित प्रदेशांत आधी करून पाहिलं आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर सुरू झालं. त्याची मांडणी चांगली आहे, हे मी मनापासून म्हणते. आपले रिपोर्ट दिल्लीत एका ठिकाणी जमा होत नाहीत. जिथं तयार झाले त्या दवाखान्यातच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना हवे असले तर तशी मागणी येते. कुठले कागद, कशासाठी, किती काळासाठी, हे त्या मागणीत लिहिलेलं असतं. आपण हो म्हटलं तरच ते उघडतात, आणि दिलेली परवानगी परत घेता येते. आभा काढणं ऐच्छिक आहे.

पण या सगळ्यात एक गोष्ट धरून चाललेत: रुग्णाकडं स्वतःचा फोन आहे, त्यावर आलेलं त्याला वाचता येतं आणि वाचायला त्याला सवड आहे. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत हे खरं आहे? आईचं आधार मुलाच्या मोबाईलला जोडलेलं असतं. मुलगा चाकणला कंपनीत असतो. आई खिडकीशी उभी, ओटीपी चाकणला. मग फोनवर, "अरे, एक नंबर आलाय का बघ." मुलगा कामात असतो, नंबर सांगून फोन ठेवतो. होकार नोंदला गेला. तो आईचा होता का?

खिडकीवरच्या मुलीला मी दोष देत नाही. समोर रांग, मागं साहेब, आणि आज किती आभा निघाले याचा आकडा संध्याकाळी द्यायचा असतो.

स्टेथो

धागा काढलात, बरं झालं. मी इचलकरंजीत जनरल प्रॅक्टिस करतो. आधी दुसरी बाजू लिहितो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा. शिरोळ तालुक्यातले लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले होते. फायली घरात आणि घर पाण्यात. छावणीत बीपीच्या पेशंटला विचारलं, गोळी कुठली चालू आहे? उत्तर यायचं, "पांढरी, बारकी." पांढरी बारकी म्हणजे बीपीची असेल, थायरॉईडची असेल, नाहीतर रक्त पातळ करणारीही असेल. फिट्सची गोळी दोन दिवस चुकली तर काय होतं, हे मी इथं सांगायला नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस तर ज्याच्या-त्याच्या तपासणीवर ठरतो, तो अंदाजाने देताच येत नाही. त्या आठवड्यात एखाद्या क्रमांकावरून प्रत्येकाची यादी निघाली असती, तर आम्ही डॉक्टर लोक त्या यंत्रणेचे आयुष्यभर ऋणी राहिलो असतो.

दुसरं उदाहरण रोजचं आहे. छातीत दुखतंय म्हणून माणूस येतो, ईसीजीत बदल दिसतो. तो आजचा की पाच वर्षांपूर्वीचाच, हे जुना ईसीजी शेजारी धरल्याशिवाय कळत नाही, आणि पुढची सगळी धावपळ त्यावर ठरते. जुना ईसीजी तर कपाटात, नाहीतर रद्दीत.

म्हणून मला डिजिटल नोंद हवीच आहे. पण ओटीपीचं तुम्ही लिहिलंत ते शब्दशः खरं आहे. माझ्याकडं येणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी आभा म्हणजे "ते पाच लाखाचं कार्ड" असंच बहुतेकांना वाटतं. आयुष्मान कार्ड वेगळं, महात्मा फुले योजना वेगळी आणि आभा वेगळं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

खासबाग

मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका. शुगर आहे, बीपी आहे, यात लपवायचं काय? आपल्याकडं गल्लीत कुणाचं काय ऑपरेशन झालं हे पहिल्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याच माणसांनी डबे पोचवलेले असतात. आधार सगळीकडं दिलंय, बँकेला दिलंय, सिमकार्डाला दिलंय. दवाखान्यालाच तेवढं द्यायचं नाही? सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, पूर्वी केस पेपरसाठी सकाळी सातला जाऊन उभं राहायचो. आता क्यूआर कोड स्कॅन करून टोकन येतं. साठीच्या माणसाला याचा आराम किती आहे, ते रांगेत उभं राहिलेल्यालाच विचारा.

महाद्वार_रोड

@खासबाग, काका, रांगेचं पटलं. पण लपवायचं काय असतं ते सांगते.

माझ्या नणंदेचा दोनदा गर्भपात झाला होता. त्यामुळं या खेपेला तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलेलं. एका लॅबमध्ये तपासणी केली. लॅबकडं पूर्वीपासून घरातला एकच नंबर होता, सासऱ्यांचा. रिपोर्ट त्यांच्या व्हॉट्सॅपवर गेला. त्यांनी आनंदाने भावकीच्या ग्रुपवर टाकला. पुढचे दोन महिने तिनं कसे काढले, ते मी जवळून पाहिलंय. रोज कुणी ना कुणी विचारायचं, सगळं ठीक आहे ना? वाईट हेतू कुणाचाच नव्हता, सासऱ्यांचा तर नाहीच. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुझा रिपोर्ट कुणाच्या फोनवर पाठवू.

गल्लीने डबे पोचवले हे खरंच. पण गल्लीला काय सांगायचं, हे आपण ठरवत होतो ना?

लाल_माती

वकील म्हणून थोडी भर घालतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. एचआयव्हीसाठी तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करणं हा त्याखाली गुन्हा होऊ शकतो. टीबी, मानसिक आजार, गर्भपात यांच्या बाबतीतही नोकरी, लग्न, घरातली वागणूक, सगळं त्या एका कागदावर अवलंबून असतं. शुगरवरून या गोष्टीचा अंदाज येणार नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती आणि माहिती घेऊन दिलेली असावी लागते. ती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय हवी. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागं घेणं सोपं असलं पाहिजे. वैद्यकीय आणीबाणीत मात्र संमतीवाचून माहिती वापरता येते, त्यामुळं "परवानगी मागत बसलो तर माणूस मरेल" हा बचाव कुणी करू नये.

माहिती फुटली तर काय होतं, याचं मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण फिनलंडचं आहे. वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. २०२० च्या ऑक्टोबरात उघड झालं की रुग्णांनी समुपदेशकाजवळ बोललेलं सगळं चोरीला गेलंय. चोराने आधी कंपनीकडं खंडणी मागितली आणि मग एकेका रुग्णाला ईमेल पाठवून पैसे मागितले. हजारो माणसं होती, त्यात अल्पवयीन मुलंही. पुढं कंपनी दिवाळखोरीत गेली. जे त्या खोलीत बोलले होते, त्यातल्या किती जणांनी पुन्हा कुणाजवळ मन मोकळं केलं असेल?

आजरा_घनसाळ

मी आशा आहे. लिहायची सवय नाही, समजून घ्या.

आमच्या वाडीत मी आभा काढायला घरोघरी गेले. लोकांनी कार्ड बघून काढलं नाही. "ताई, तू सांगतीस न्हवं, मग काढ," असं म्हणाले. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवलाय. त्यांची बाळंतपणं मी केलीत, रात्री दोनला एकशेआठ बोलावून गाडीत सोबत बसलेय. उद्या त्या माहितीचं काही वाकडं झालं तर ते दिल्लीला जाणार न्हाईत, माझ्या दारात येणार. म्हणून मलाच आधी सगळं कळाय पाहिजे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला ॲप कसं भरायचं ते शिकवलं. लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, ते शिकवलं न्हाई.

दुसरं असं की पूर्वी माझं रजिस्टर माझ्या पिशवीत असायचं. त्यात कुणाचं नाव आहे, ते कोण बघतंय, मला माहीत होतं. टीबीच्या पेशंटच्या घरी मी कधी "टीबी" म्हणून हाक मारली न्हाई, वजन बघायला आले म्हणायचं आणि गोळी द्यायची. आता मोबाईलमध्ये भरलं की पुढं कोण बघतंय ते मलाच ठाऊक न्हाई. आणि रजिस्टर बंद झालंय असंबी न्हाई. तेबी लिहायचं, ॲपबी भरायचं. रेंज यायला वरच्या अंगाला टेकावर जावं लागतंय. तेवढा वेळ मी बाळंतिणीजवळ बसले असते.

रंकाळ्याची

@आजरा_घनसाळ, ताई, तुमचा प्रतिसाद मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला. "पुढं कोण बघतंय ते मलाच ठाऊक न्हाई" याचं उत्तर देणं आमचं काम आहे आणि ते देता येतं. कुठलंही धड सॉफ्टवेअर कोणी, कधी, कुठली नोंद उघडली हे लिहून ठेवतं. ही यादी तंत्रज्ञाला दिसते, कधी व्यवस्थापनाला दिसते. ज्याची नोंद आहे त्याला आणि ज्या ताईने ती भरली तिला मात्र दिसत नाही. ती दाखवायला फार मोठा खर्च येत नाही. आजवर कुणी मागितलीच नाही.

नागाळापार्क

तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल, पण हा वाद कोल्हापुरात एकदा चांगला रंगून गेलाय. मी तेव्हा जिल्ह्यात आरोग्य विभागात नोकरीला होतो.

२००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागं ८३९ मुली निघाल्या. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ पासून होता, तरी सोनोग्राफीच्या बंद खोलीत काय बोललं जातं याचा पुरावा मिळत नव्हता. लक्ष्मीकांत देशमुख कलेक्टर असताना २०१० च्या सुमारास सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची पेटी जोडायला सुरुवात झाली. यंत्राच्या पडद्यावर जे दिसतं ते त्या पेटीत साठत राहायचं. शिवाय प्रत्येक गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा एफ फॉर्म चोवीस तासांत ऑनलाईन भरायचा.

रेडिओलॉजिस्ट संघटना उच्च न्यायालयात गेली. स्त्रीच्या खासगीपणाचा भंग होतो, हा त्यांचा एक मुद्दा होता. २६ ऑगस्ट २०११ ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. निकालात एक बारकावा आहे, तो मी अनेकांना सांगत असतो. त्या पेटीतली चित्रं कुठल्या सर्व्हरवर जात नव्हती, यंत्रापाशीच राहायची. अधिकाऱ्यांना पाहायची असतील तेव्हा संबंधित डॉक्टरांच्या समोरच उघडायची, आणि पाहायची ती संशयास्पद प्रकरणांतलीच. मुलींच्या जिवाचा प्रश्न होता म्हणून लक्ष ठेवायला हवं होतं, आणि लक्ष कुणी, कसं, कुणासमोर ठेवायचं याला मर्यादाही होती. माझ्या मते विश्वास असा बांधावा लागतो.

सोनो_करवीर

@नागाळापार्क, सर, आदराने सांगतो, तेव्हा आमच्यासारख्या प्रामाणिक काम करणाऱ्यांना फार लागलं होतं. रोज सकाळी यंत्र सुरू करताना आपल्यावर संशय आहे ही जाणीव घेऊन बसायचं. लिंगनिदान करणारे होते, हे मी नाकारत नाही, आमच्यातलेच होते. पण फॉर्ममधला एक रकाना राहिला तरी गुन्हेगारासारखं उभं राहावं लागायचं. तंत्रज्ञान आणताना ज्यांच्या हातात ते वापरायचंय त्यांना बरोबर घेतलं असतं, तर आमच्यातल्याच कितीतरी जणांनी स्वतःहून पहारा दिला असता.

रंकाळ्याची

दोघांचंही वाचून मला एक फरक स्पष्ट दिसायला लागलाय. त्या पेटीची नजर सत्ता असलेल्या बाजूवर होती. डॉक्टर, यंत्राचे मालक. आणि ते कोर्टात जाऊ शकत होते, गेलेही. आज जी माहिती गोळा होतेय ती रुग्णाची आहे, आणि खिडकीवरची आई कुठल्याच कोर्टात जाणार नाही. म्हणून तिच्या बाबतीत मर्यादा जास्त कडक हव्यात. आज त्या सैल आहेत.

पन्हाळ्याचा_वारा

चांगला अनुभवही लिहा म्हणालात म्हणून लिहितो. मी पुण्यात असतो, वडील गावी, पन्हाळा तालुक्यात. त्यांना अंगावर चट्टे उठले होते. गावच्या उपकेंद्रात ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाईन डॉक्टरी सल्ल्याच्या सोयीवर, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. मला वाटलं होतं, स्क्रीनवरच्या माणसाशी वडील बोलणारच नाहीत. पण उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी बाई शेजारी बसून होत्या. वडील त्यांना सांगायचे आणि त्या डॉक्टरांना. मध्येच बाईंनी स्वतः विचारलं, "आण्णा, उसात तणनाशक मारलं होतं न्हवं परवा?" डॉक्टरांच्या प्रश्नांत ते नव्हतं. गावात राहणाऱ्या माणसालाच ते सुचलं. औषध तिथंच मिळालं. कोल्हापूरची फेरी वाचली, दिवसाची मजुरी वाचली.

त्या बाई शेजारी नसत्या आणि नुसतं ॲप असतं, तर वडिलांनी "बरं हाय सगळं" म्हणून फोन ठेवला असता.

मसाईपठार

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळ्यांच्या शिबिरांना जातो. एआयबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

मधुमेहामुळं पडदा खराब होतोय का, हे फोटोवरून ओळखणारं एआय आता चांगलं काम करतं. गूगलने असं एक एआय थायलंडच्या सरकारी दवाखान्यांत नेलं. २०२० मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेलं हे यंत्र दवाखान्यात आलेल्या फोटोंपैकी पाचातला एक फोटो "प्रत चांगली नाही" म्हणून नाकारत होतं. कारण साधं होतं, खोलीत पुरेसा अंधार नव्हता. नाकारलं की रुग्णाला दूरच्या तज्ज्ञाकडं पाठवायचं. परिचारिकांची पंचाईत झाली, कारण त्यांना स्वतःच्या अनुभवावरून दिसत होतं की या बाईचा डोळा ठीक आहे. काहींनी तर रुग्णांना यात भाग घेऊ नका असंच सुचवायला सुरुवात केली.

हे वाचताना मला आमची शिबिरं दिसत होती. शाळेची खोली, खिडक्यांना पडदे नाहीत, वर पत्रा. मोतीबिंदू आलेल्या डोळ्याचा फोटो धुरकटच येतो. गगनबावड्याच्या बाईला "यंत्राला दिसत नाही, कोल्हापूरला जा" म्हटलं की ती जात नाही. पुढच्या शिबिरालाही येत नाही. तिचा यंत्रावरचा भरवसा तर जातोच, माझ्यावरचाही जातो.

कोविडमध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले होते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात रक्तातला प्राणवायू ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. त्वचा गडद असेल तर आकडा जास्त चढून दिसू शकतो. आपण सगळे त्या आकड्याकडं बघून दवाखान्यात जायचं की नाही ते ठरवत होतो. आपल्याकडच्या रंगांच्या माणसांवर ते यंत्र नीट तपासलंय का, हे विकत घेताना कुणीच विचारलं नाही.

स्टेथो

@मसाईपठार, फार महत्त्वाचं लिहिलंत. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की एआयने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही आणि औषधही लिहून द्यायचं नाही. डॉक्टरला मदत करायची, निर्णय नोंदणीकृत डॉक्टरचाच. हे मला पटतं. उद्या चुकलं तर ज्याच्यासमोर जाऊन जाब विचारता येईल असा एक माणूस पाहिजे.

आणखी एक. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने केस पेपर लिहावे लागले. त्यांच्याकडं कागदावर काम करता येणारी माणसं होती म्हणून निभावलं. आपल्याकडं पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांवर गेली की पहिल्यांदा वीज जाते. म्हणून माझ्या दवाखान्यात दर पेशंटला चालू औषधांची चिठ्ठी छापून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून देतो. आभाही जोडतो. दोन्ही पाहिजे.

खासबाग

महाद्वार रोडच्या ताईंचं आणि आशाताईंचं वाचलं. ती बाजू माझ्या डोक्यात नव्हती. एक शंका. आभा नको म्हटलं तर केस पेपर देत नाहीत का? आणि माझ्या ॲडमिशनचे सगळे कागद मागितले तर द्यायलाच पाहिजेत का त्यांनी?

लाल_माती

आभा ऐच्छिक आहे, त्यावाचून उपचार नाकारता येत नाहीत. कागदांबद्दल म्हणाल तर डॉक्टरांच्या २००२ च्या व्यावसायिक नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि रुग्णाने मागितल्या की ७२ तासांत द्यायच्या. अर्ज लेखी करा, पोच घ्या.

रंकाळ्याची

नुसती चर्चा करून थांबायचं नाही म्हणून आम्ही एक पानाचा मराठी मजकूर करतोय. आम्ही सॉफ्टवेअर बसवतो त्या दवाखान्यांत नोंदणीच्या खिडकीवर लावायला. कच्चा मसुदा देते, मोकळेपणाने दुरुस्त करा:

"आम्ही तुमचा आभा क्रमांक काढतोय किंवा जोडतोय. त्यामुळं तुमचे इथले रिपोर्ट पुढं तुमच्या परवानगीने दुसऱ्या डॉक्टरांना दिसू शकतील. परवानगी कधीही परत घेता येते. निरोप आणि रिपोर्ट कुणाच्या मोबाईलवर पाठवायचे ते तुम्ही ठरवा. आभा नको असल्यास तसं सांगा, उपचार थांबणार नाहीत. शंका असल्यास विचारा."

महाद्वार_रोड

"कुणाच्या मोबाईलवर" हे वाक्य घातलंत, बरं वाटलं. पण ते खिडकीवर मोठ्यानं विचारू नका. मागं सासू उभी असते. लिहून द्यायची सोय ठेवा, नाहीतर आत नर्सने एकटीला विचारावं. आणि आधारला मुलाचा किंवा नवऱ्याचा नंबर असेल तर?

रंकाळ्याची

आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावरच जातो, त्याला इलाज नाही. पण आभाच्या संपर्कासाठी वेगळा नंबर देता येतो. हे खिडकीवर कुणी सांगत नाही, ते मजकुरात घालते. आत विचारायची सूचना एकदम योग्य, नर्सच्या स्क्रीनवर तो प्रश्न आणू.

आजरा_घनसाळ

उपचार थांबणार न्हाईत हे शेवटी का लिहिलंय? ते पहिलं लिहा, मोठ्या अक्षरात. लोकांना भीती त्याचीच असती. आणि "शंका असल्यास विचारा" म्हणजे कुणाला विचारायचं? नाव लिहा, कुठल्या खोलीत बसतात ते लिहा. आणखी एक, हा कागद आम्हाला आधी मिळंल का? खिडकीवर वाचाय कुणाला वेळ असतोय. आदल्या दिवशी घरी बसून वाचून दाखवते, मग ज्याला काढायचं तो काढंल.

सोनो_करवीर

माझ्या सेंटरला लावायला मी तयार आहे. खाली माझंच नाव आणि वेळ लिहा.

रंकाळ्याची

ताई, तिन्ही दुरुस्त्या केल्या. पहिली ओळ आता "आभा नको म्हटलं तरी उपचार मिळतील" अशी आहे. छापील प्रती तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवते, तिथल्या डॉक्टरांची परवानगी मात्र आधी घेते.

दोन दवाखान्यांशी बोलले. एकाने लगेच हो म्हटलं. दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थापकांना ती पहिली ओळच नको आहे, आकडा कमी होईल म्हणाले. मी त्यांना स्टेथोंचा पुराचा प्रतिसाद आणि ताईंचा प्रतिसाद, दोन्ही छापून दिलेत. समजून घेतलेली माणसं स्वतःहून जुने रिपोर्टही जोडतात, ओटीपी सांगून गेलेली पुन्हा ते ॲप उघडतसुद्धा नाहीत, हेही सांगितलं. सोमवारी पुन्हा बोलावलंय. लाल_माती, तुम्हाला सवड असली तर बरोबर याल का? २०२३ च्या कायद्यातलं मराठीचं कलम तुम्हीच त्यांना वाचून दाखवा.

लाल_माती

येतो. दुपारी चारनंतर ठेवा, तोवर कोर्टात असतो.